मेणातले दात

लेकीचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोळंबीत होते. माझी रत्नागिरीत खानावळ आहे आणि सकाळी दहाच्या सुमाराला माझ्याशी कोणी बोलू नये हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी फोन वाजतच राहिला, म्हणून भांडी घासणाऱ्या बाईला तो माझ्या कानाशी धरायला सांगितला. लेक पलीकडून म्हणाली, "आई, ओळखीत कोणी बिनदातांचं माणूस आहे का? एकही दात नको. वर नको, खाली नको."

मी म्हटलं, "कोणासाठी स्थळ बघतेयस का?"

तिला हसू आलं नाही. घाटावरच्या एका खाजगी डेंटल कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेत पूर्ण कवळी लावून दाखवायची असते, आणि ज्याच्या तोंडात ती लावायची तो माणूस विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणायचा असतो. हे मला तोवर माहीत नव्हतं. इमारत कॉलेजची, खुर्ची कॉलेजची, फी आमची आणि तोंडही आम्हीच आणायचं. उद्या मी गिऱ्हाइकाला सांगितलं की चूल माझी, तवा माझा, पण सुरमई येताना तुम्ही घेऊन या, तर तो माझ्या दारात पुन्हा उभा राहील का? पण शिक्षणाच्या दारात सगळे निमूट उभे राहतात. मीही राहिले.

पहिली दोन वर्षं लेकीने जिवंत माणसाच्या तोंडात बोट घातलं नव्हतं. सुट्टीत घरी यायची ती मेणाचे ठोकळे घेऊन. माझ्या भाजी चिरायच्या टेबलावर बसून त्यातून दाढा कोरायची. दाढेला किती उंचवटे, कोणता किती उतरता, हे तिला पाठ होतं. मग एक प्लास्टिकचं डोकं आलं, टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलेलं, रबराच्या गालांचं. ती म्हणायची, ते फार गुणी आहे, कळवळत नाही आणि थुंकत नाही. त्यानंतर एकदम खरी माणसं. सकाळी रुग्ण, दुपारी वर्ग, रात्री पुस्तक.

पुस्तकाला माझी हरकत नव्हती, अजूनही नाही. दात गेले की त्याखालचं हाड हळूहळू झिजत जातं, जबडा आक्रसतो, म्हणून कवळी कशीही बसवून चालत नाही, हे तिने मला समजावून सांगितलं होतं तेव्हा मला ते पटलं होतं. डोळ्याला न दिसणारी गोष्ट पुस्तकाशिवाय कळत नाही. माझा राग निराळ्याच जागी आहे, आणि तो समजायला आधी खाला कळायला हवी.

खाला म्हणजे मावशी; सगळं बंदर तिला खालाच म्हणतं आणि ती तिथे मासळीचा लिलाव बोलते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. नवरा जहाजावर होता, तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. होड्या धक्क्याला लागल्या की मासळीच्या पाट्या ओळीने मांडतात आणि खाला त्यांच्या मधोमध उभी राहून आकडे पुकारते. व्यापारी मान हलवतात, भुवई उडवतात, एखादा नुसता खोकतो. खालाला सगळं दिसतं. मी खानावळ सुरू केली तेव्हापासून तिच्याच बोलीवर मासे घेत आले. तिचा आवाज बोटीच्या इंजिनावरून पलीकडे जायचा.

पण वर्षानुवर्षं मशेरी लावून हिरड्या गेल्या, हिरड्यांमागून दात गेले. शेवटचे पुढचे दात पडले आणि खालाचा स पडला. स म्हणायला जीभ पुढच्या दातांमागे टेकावी लागते, तिथे टेकायला काही उरलं नव्हतं. ती 'सातशे' म्हणायची आणि ऐकू यायचं 'हातशे', आणि इंजिनाच्या आवाजात ते 'आठशे'च वाटायचं. एका सकाळी यावरून दोन व्यापाऱ्यांची धक्क्यावरच जुंपली. एक म्हणाला मी सातशेला मान हलवली, दुसरा म्हणाला बाईने आठशे पुकारलं. बोटमालक मध्ये पडले. त्या दिवसापासून गर्दी असली की ते खालाच्या पुतण्याला पुढे करू लागले. पुतण्याचे दात शाबूत होते. बाकी लिलावातलं त्याला फारसं कळत नव्हतं.

हंगाम संपता संपता मालक ठरवतात की पुढच्या हंगामात कोणाच्या बोटीची बोली कोण बोलणार, आणि पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यात गेल्या की ते पक्कं होतं. म्हणजे खालाला नव्या हंगामाच्या आत दात हवे होते. त्यामुळे लेकीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, दोघींचंही काम होईल. मी खालाला विचारलं. तिने आधी विचारलं की पोरगी शिकाऊ आहे ना. मी म्हटलं, हो, पण वर मोठे डॉक्टर उभे असतात.

"शिकाऊच बरी," खाला म्हणाली. "शिकलेले दमात घेतात."

मग आमच्या घाटाच्या फेऱ्या सुरू झाल्या. खाला घाटाला भीत नव्हती, डॉक्टरांच्या भाषेला भीत होती, म्हणून प्रत्येक वेळी मी बरोबर. पहाटेची एसटी, साखरप्याला चहा, वर पोचायला उन्हं चढलेली. लेकीने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं: आधी तोंडाचा साचा घ्यायचा, मग दोन जबड्यांमध्ये किती अंतर असावं ते मोजायचं, मग मेणात दात बसवून ते तोंडात घालून बघायचे. ते नीट बसले की शेवटी ते मेण वितळवून काढायचं आणि त्याच्या जागी कडक प्लास्टिक भरायचं. ती खरी कवळी. मी म्हटलं, म्हणजे उकडीच्या मोदकासारखं, आधी आकार आणि मग वाफ. ती म्हणाली, साधारण तसंच.

दुसऱ्या फेरीत जे झालं ते मी विसरणार नाही. खाला खुर्चीत, गळ्याला हिरवा कागदी रुमाल, तोंडात मेणाचे ठोकळे. लेक त्या ठोकळ्यांची उंची जमवत होती, दर वेळी थोडं मेण काढायचं, पुन्हा घालायचं, खालाला ओठ मिटायला सांगायचं. ती छान करत होती. आई म्हणून नाही, हाताने काम करणारी बाई म्हणून सांगते. तेवढ्यात घंटा झाली. सगळ्या खुर्च्यांवरची मुलं हातातली हत्यारं खाली ठेवून वर्गाकडे निघाली. लेकही. मी तिला दारात अडवलं तर ती म्हणाली, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत.

"कशाचा वर्ग आहे?" मी विचारलं.

तिने आधी हातमोजे काढले. मग म्हणाली, "जबड्यांमधलं अंतर कसं मोजायचं."

म्हणजे एका खोलीत माणूस तोंड उघडून बसलेला, त्याचं अंतर मोजायचं अर्धवट सोडून मुलं दुसऱ्या खोलीत पडद्यावर अंतराची चित्रं बघायला गेली. आणि त्या वर्गातल्या कोणाला, शिकवणाऱ्यालासुद्धा, यात काही विचित्र वाटलं नाही. तिथे ओळीने म्हातारीकोतारी माणसं बसली होती, कोणी शेतातून आलेलं, कोणी मुलीच्या घरून. सगळी गप्प. फुकटात काम होतंय तर बोलायचं कसं, हा भाव सगळ्यांच्या तोंडावर. पण फुकट काही नव्हतं. ती सगळी तोंडं त्या कॉलेजला वापरायला दिलेली होती. नसती दिली तर कॉलेजच्या खुर्च्यांवर धूळ बसली असती.

खाला तासभर तशीच बसली. मी तिच्या तोंडातले ठोकळे काढून बाजूच्या वाटीत ठेवले तर शिपाई माझ्यावर ओरडला की हात लावू नका. मी म्हटलं, मग तू काढ. तो म्हणाला, ते माझं काम नाही. खाला मधूनच म्हणाली, "भांडू नको गो बाय. आपल्या गाडीला अजून वेळ हाय."

असं करत परीक्षेचा दिवस आला. उन्हाळा होता, बोटींचे शेवटचे आठवडे. मेणातले दात तयार होते. सोबत आलेली माणसं दाराशी उभी राहिली तर चालतं असं कॉलेजवाले म्हणाले, म्हणून मी दाराशी. बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी लेकीला विचारलं की खालचा ओठ कोणते स्नायू हलवतात, हाड झिजण्याची कारणं काय, अमुक पद्धत कोणी कधी वापरावी. लेकीने धडाधड उत्तरं दिली. मग त्यांनी खालाच्या तोंडात डोकावून बघितलं आणि तिला म्हणाले, "आजी, सिक्स्टी-सिक्स म्हणा."

हे पुस्तकातलं आहे. इंग्रजीतला तो आकडा म्हणताना स नीट येतो की नाही ते कळतं. लेकीनेच मला नंतर सांगितलं. खालाने माझ्याकडे बघितलं, मग परीक्षकांकडे, आणि आज्ञाधारकपणे म्हणाली, "शिक्टी-शिक."

ते "गुड" म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे गेले. आजी काय करतात, कुठून आल्या, हे दात कशासाठी हवेत, एक अक्षर नाही. जन्मभर आकडे पुकारणाऱ्या बाईला त्यांनी परक्या भाषेतला एक आकडा म्हणायला लावला आणि ती चुकली तरी तिला पास केलं, कारण पास तिला करायचंच नव्हतं.

ते गेल्यावर लेकीने खालाच्या हातात आरसा दिला. खालाने स्वतःकडे बघितलं, ओठ इकडून तिकडून हलवले आणि हळूच म्हणाली, "सातशे." मला दाराशी ऐकू आलं. स अगदी स. मग तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आणि शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा तिच्याकडे बघायला लागला.

लेक दात परत काढायला लागली तेव्हा खाला म्हणाली की एवढे घरी दाखवून आणते. लेक म्हणाली, खाला, हे मेणाचे आहेत. पण तिला नाही म्हणवेना. एका डबीत गार पाणी घालून दिले आणि बजावलं की याने खायचं नाही, गरम काही प्यायचं नाही, नुसते दाखवायचे आणि पुढच्या फेरीला परत आणायचे. पुढची फेरी कधी, हे तिने सांगितलं नाही. मला वाटलं, गडबडीत राहून गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदरावर गेले तर खाला दात घालून उभी. मी जवळ जाऊन म्हटलं, अगो, हे मेणाचे आहेत, काढ.

"मग? मी काय कोणाला चावायची हाय?"

आणि तिने लिलाव सुरू केला. खोटं कशाला सांगू, मी तिथेच उभी ऐकत राहिले, माझी पापलेटं दुसऱ्याने उचलली तरी. साठ, पासष्ट, सत्तर, शंभर, पुढे. एकेक आकडा धुतल्यासारखा स्वच्छ. बोटमालक एकमेकांकडे बघत होते. पुतण्या बाजूला बर्फाच्या पेटीवर बसून विडी ओढत होता.

पाचसहा पाट्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे चहावाल्याने तिच्या हातात ग्लास दिला. बोलून घसा सुकला की तो देतो, वर्षानुवर्षं देतो. तिने विचार केला नाही, मीही केला नाही. दोन घोट घेतले आणि पुढचा एक दात बाहेर कलला. तिने ग्लास बाजूला करायच्या आत दुसरा सुटून चहात पडला.

कोणीतरी म्हणालं, "खाला, बिस्कूट पडला काय चायत?" आणि सगळा धक्का हसला. हसणारी माणसं वाईट नव्हती. मीही एरवी हसले असते. खालाने बोटाने तो दात ग्लासातून काढला, ओढणीच्या टोकात बांधला आणि उरलेल्या पाट्या तशाच टाकून घरी गेली. राहिलेला लिलाव पुतण्याने बोलला.

मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "बाय, माज्या तोंडात तुज्या लेकीची परीक्षा झाली. माजी ऱ्हायली."

मी तिथूनच लेकीला फोन केला. पुढची फेरी कधी, सरळ विचारलं. ती आधी घुटमळली. मग निघालं ते असं: परीक्षेत मेणातले दातच तपासतात. त्यापुढचं होतंच असं नाही. परीक्षा झाली की मुलं घरी जातात. निकाल लागेपर्यंत ती धड विद्यार्थी नसतात, धड शिकाऊ डॉक्टर नसतात, त्यांना रुग्णाला हात लावायची परवानगी नसते. निकालानंतर इंटर्नशिप, त्यात या विभागाची पाळी कधी येईल ते विभाग ठरवणार.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आई, ती एक्झाम केस होती. सगळ्यांचंच असं असतं."

"केस डोक्यावर असतात," मी म्हटलं. "ती खाला आहे."

मला तिच्या 'सगळ्यांचंच'ने जास्त संताप आला. चार वर्षं या मुलीच्या डोक्यात शास्त्र घातलं, हातात कौशल्य घातलं, आणि या दोन्हीच्या मधल्या फटीतून माणूस खाली पडला तर तो उचलायचा, हे कोणत्याच तासात बसलं नाही. तिने कारणं सांगितली तीही खरी होती. म्हणूनच मी आणखी चिडले. खोटी कारणं असती तर मी तिला एक थोबाडीत दिली असती आणि विषय संपला असता.

पाऊस लागला, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून झाल्या, निकालाचा पत्ता नाही. मी एका सकाळी खानावळ बहिणीच्या हवाली करून एकटीच घाट चढले आणि विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर बसले. बसायला मला हरकत नसते, मी बरोबर निवडायचे तांदूळ घेऊन गेले होते. शेवटी त्यांनी आत बोलावलं. सज्जन गृहस्थ, आवाज मऊ. म्हणाले, ताई, परीक्षेत तेवढंच तपासायचं असतं. पुढचं काम प्रयोगशाळेचं, त्यात विद्यार्थ्याची परीक्षा घेण्यासारखं काही नसतं.

मी म्हटलं, "पेशंटला घेण्यासारखं असतं ना?"

ते म्हणाले, "आमचं काम डॉक्टर घडवणं आहे. थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हीचा समतोल आम्ही फार काळजीपूर्वक राखतो."

मी म्हटलं, राखा की. माझ्याकडेही मुली स्वयंपाक शिकायला येतात. त्यांना मी भात का शिजतो ते सांगते आणि शिजवायलाही लावते. पण शिकताना लावलेला भात अर्धा शिजल्यावर चूल बंद करून 'शाबास, तुला जमलं' म्हणत नाही. तो शिजतो आणि कोणाच्या तरी ताटात जातो. तुमच्या तराजूच्या एका पारड्यात पुस्तक आणि दुसऱ्यात हात. माणूस कुठल्या पारड्यात आहे?

शिपायाला बोलावून त्यांनी खालाचे साचे काढायला सांगितले. माझं काम लवकर उरकावं असाही हेतू असेल. शिपायाने भिंतीतलं कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत जबडे. प्लास्टरचे जबडे, लोखंडी बिजागऱ्यांवर बसवलेले, मध्ये गुलाबी मेण आणि मेणात पांढरेशुभ्र दात. पंगतीला बसल्यासारखे ओळीने, सगळे जरासे हसणारे. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पट्टीवर आकडा.

शिपाई म्हणाला, नंबर सांगा.

मी म्हटलं, बाईंचं नाव सांगते.

तो म्हणाला, नाव नसतं, नंबर असतो. पोरीचा रोल नंबर.

मला लेकीचा रोल नंबर माहीत नव्हता. मी तिथे उभी राहून घरी फोन लावला, लेकीने नंबर सांगितला, शिपायाने खालचा कप्पा धुंडाळला आणि खालाचे साचे निघाले. फक्त त्यांच्यातच दात नव्हते, ते खालाच्या डबीत होते. बाकी सगळ्यांचे होते. म्हणजे तेवढी माणसं कुठल्या कुठल्या गावात बोळक्या तोंडाने आमच्यासारखीच पुढच्या फेरीची वाट बघत होती, आणि त्यांचे दात इथे दुसऱ्याच्या नंबराने कपाटात हसत होते. मी विभागप्रमुखांकडे बघितलं. त्यांनी कपाटाकडे बघितलं नाही. फोन उचलून प्रयोगशाळेत सांगितलं की एक काम येईल, आणि मला म्हणाले, मुलीला पाठवा, मी स्वतः उभा राहीन, ती मदतनीस म्हणून काम करेल.

ते एकासाठी झालं. कपाटातल्या इतरांचं काय, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की धोरणाचा प्रश्न आहे. धोरण हा शब्द मी फार वेळा ऐकलाय. त्याचा अर्थ, कोणाचीही आई अजून आलेली नाही.

लेकीने दात पुन्हा बसवले, मेण गेलं, खरी कवळी झाली. खालाला भर पावसात घेऊन गेलो. कवळी घट्ट बसली, दिसली चांगली. आणि घरी आल्यावर दोन दिवसांत हिरडीला फोड आले. नवी कवळी बोचते, मग ती घासून घ्यावी लागते, पुन्हा बोचते, पुन्हा घासावी लागते. लेकीने मला पुस्तकातलं ते पान उघडून दाखवलं, सगळं व्यवस्थित छापलेलं होतं. मी म्हटलं, पुस्तकाला ठाऊक आहे, तुमच्या वेळापत्रकालाच तेवढं ठाऊक नाही. ती म्हणाली, हो. नुसतं हो.

दोनदा जाऊन घासून आणली तोवर बंदी उठली. ज्या सकाळी पहिल्या बोटी धक्क्याला लागल्या त्या सकाळी खालाच्या जिभेखाली एवढी मोठी जखम होती. खालची कवळी काढून, नुसती वरची घालून ती उभी राहिली. आकडे बऱ्यापैकी आले, पण मध्येच जीभ कळ लागल्यासारखी मागे जायची. बोटमालकांनी तिचा मान ठेवला. म्हणजे असं, की मोठ्या यांत्रिक बोटी पुतण्याला दिल्या आणि लहान होड्यांच्या पाट्या खालाला. कोणी वाईट बोललं नाही. मालकांपैकी एकाने तर मलाच सांगितलं की बाईचं वय झालं, तिलाही आराम. उन्हाळ्यात याच माणसाने मेणातल्या दातांनी तिला बोलताना ऐकलं होतं आणि मान डोलावली होती.

निकाल लागला. लेक चांगल्या गुणांनी पास झाली, कवळीच्या विषयात सगळ्यात जास्त. इंटर्नशिप सुरू झाली, आणि पहिली सुट्टी मिळताच ती घरी आली. मी तिला सांगितलं होतं की जखम भरली तरी खालाची खालची कवळी पुकारताना सुटते आणि शब्द चोळामोळा होतात, एरवी बोलताना मात्र काही होत नाही. लेक म्हणाली, मी बघते. मला वाटलं, खालाला बोलावून घेईल. ती दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्याबरोबर बंदरावर आली.

मासळीच्या पाण्यात चप्पल बुडवून ती खालाच्या अगदी समोर उभी राहिली. खाला आकडा चढवताना हनुवटी वर करते, तोंड पुरं उघडते, आणि त्या क्षणी डावीकडून कवळी उचलली जाते. मग ती जिभेने दाबून धरते, म्हणून शब्द जातो. हे मला तोवर दिसलं नव्हतं. लेकीला दोन पाट्यांत दिसलं. कॉलेजच्या खुर्चीत खालाला कोणी ओरडायला सांगितलंच नव्हतं. तिथे सगळे हळू बोलतात.

लिलावात जरा उसंत मिळाल्यावर लेकीने खालाला बर्फाच्या पेट्यांमागे नेलं, मोबाइलच्या उजेडात बघितलं आणि खिशातल्या पेन्सिलीने कवळीच्या डाव्या कडेला खूण केली. इथे घासायला हवं म्हणाली, पण ते बंदरावर होणार नाही, त्यासाठी वर कॉलेजात यावं लागेल. खालाने विचारलं, परत परीक्षा हाय काय? लेक म्हणाली, नाही. मग कधीही येते, असं खाला म्हणाली, कवळी ओढणीला पुसून तोंडात टाकली आणि पुढच्या होडीकडे गेली. त्या होडीत बांगडे होते, चार पाट्या. पलीकडे मोठ्या बोटीपाशी पुतण्याच्या भोवती सगळे व्यापारी गोळा झाले होते.

लेक म्हणाली, "आई, आता नीट बसेल."

"कवळी बसेल," मी म्हटलं. "बोटी गेल्या त्या गेल्या."

ती पेन्सिल पुसत राहिली. पुसायला त्यावर काही नव्हतं. मला आणखी बोलायचं होतं, पण बांगडे चांगले होते आणि खालाने पुकारायला सुरुवात केली होती, म्हणून मी पाटीकडे गेले आणि मान हलवली.